दर दहा मिनिटांनी एक

२८ मार्च
आजपासून उन्हाळा सुरू झाल्याचं मी जाहीर केलं. हवामान खात्याचं काय ते त्यांचं ते बघतील. सकाळी सहाला तळ्याच्या फाटकाशी जमलो तेव्हाच केमिस्टच्या शर्टाची पाठ ओली. धावायला अजून सुरुवातही नव्हती. तो म्हणाला, आंघोळ करून आलोय, अंग नीट पुसलं नाही. लक्षणं ती लक्षणं. मी मनात नोंद केली.

ग्रुपमध्ये आम्ही चौघं. ग्रुप मी काढला. ही गेल्यानंतरच्या हिवाळ्यात मी एकटाच तळ्याला फेरी मारायचो, मग एकेक जण येऊन मिळत गेला. केमिस्ट, त्याचं चौकात औषधांचं दुकान आहे. डॉक्टरीणबाई, दातांच्या. आणि लंबू, विमा कंपनीत नोकरी, उंची पाहून हे नाव मीच ठेवलं. रोज तळ्याला एक फेरी आणि मग फाटकासमोरच्या बेकरीत कॉफी. फेरीपेक्षा कॉफीला जास्त वेळ जातो. तिथे मात्र शिस्त अजिबात नाही. सगळे एकदम बोलतात.

हिवाळ्यात हे चालून गेलं. उन्हाळ्यात लोकांना वाऱ्यावर सोडून चालणार नाही. सगळी नोकरी मी बस कंपनीच्या वेळापत्रक विभागात केली. कुठली बस कुठल्या थांब्यावरून कधी सुटणार, ते माझ्या सहीनं ठरायचं. चार माणसं तळ्याभोवती फिरवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. संध्याकाळी पट्टी-पेन्सिल घेऊन बसलो. जेवायचं राहून गेलं.

३१ मार्च
रोगाचं मूळ सापडलं. आम्ही घोळक्यानं धावतो. घोळक्यात वारा खेळत नाही, एकाची गरमी दुसऱ्याला लागते. वर बोलतो. बोलायला तोंड उघडलं की घसा कोरडा, घसा कोरडा की दम.

बसचंही अगदी हेच. चार गाड्या एकमेकींना चिकटून आल्या की पहिली खचाखच आणि मागच्या तीन रिकाम्या. त्यावर उपाय जगात एकच: अंतर.

तर उन्हाळी वेळापत्रक असं. पहिली गाडी पावणेपाचला. मग दर दहा मिनिटांनी एक. पहिली गाडी मी (जबाबदारीचं काम), मग केमिस्ट, मग डॉक्टरीणबाई, शेवटची लंबू. वाटेत बोलणं बंद. फेरी संपली की पलीकडच्या फाटकातून परस्पर घरी. कॉफीनं अंगातलं पाणी कमी होतं, सबब कॉफी पावसाळ्यापर्यंत बंद.

कागद लॅमिनेट करून फाटकाच्या खांबावर चिकटवला. आमच्या विभागात तोंडी सांगायची पद्धत नव्हती. थांब्यावर कागद लागला की दुसऱ्या दिवसापासून अंमल. तरी माणुसकी म्हणून फोनवरच्या ग्रुपमध्येही फोटो टाकला. तिघांचेही अंगठे आले. एकमतानं मंजूर.

१ एप्रिल
शुभारंभ. पावणेपाचला ठरल्याप्रमाणे सुटलो. अंधार. वॉचमननं विचारलं, एवढ्या पहाटे कुठे? म्हटलं, पहिली गाडी. त्यानं जांभई दिली.

वळणावर मागे पाहिलं. कुणी नाही. म्हणजे अंतर बरोबर पडतंय.

घरी आलो तेव्हा पेपरही आलेला नव्हता. तो येईपर्यंत खुर्चीत बसून राहिलो. दिवस चांगलाच लांब मिळाला. याचा सदुपयोग करायचा. कसा ते ठरवायचं आहे.

४ एप्रिल
सेवा सुरळीत. रोज ग्रुपवर कळवतो: पहिली गाडी सुखरूप पोचली. आठच्या सुमाराला तिघांचे अंगठे येतात. जास्त कुणी काही लिहीत नाही. बोलणं बंद हा नियम त्यांनी फोनलाही लावलेला दिसतो. मी तसं म्हटलं नव्हतं. पण नियम अंगी मुरायला लागले की असं होतं.

मागून कुणीतरी आपल्याच वाटेनं येतंय, या विचारानं पावलाला वेग येतो. वळणाआड केमिस्ट, त्याच्या मागे डॉक्टरीणबाई. दिसत नाहीत, पण आहेत. पूर्वी बरोबर धावायचो तेव्हा असं वाटायचं नाही, कारण तेव्हा ते दिसायचेच.

६ एप्रिल, रविवार
लेकीचा फोन. दर रविवारी तिचं एकच पालुपद: बाबा, इकडे या राहायला, खोली रिकामी पडलीय, तिथे एकटे काय करता? मी नेहमीप्रमाणे बजावलं, मी एकटा नाही, माझा ग्रुप आहे. मी उठून आलो तर त्यांना कोण धाववणार? ती म्हणाली, बरं, उन्हाळा संपला की बोलू. खरंच ग्रुप असेल तर मी गप्प बसेन, नाहीतर तुम्हाला घ्यायला येईन.

‘खरंच’ म्हणजे काय? मुलांना वडिलांच्या शब्दावर विश्वास उरलेला नाही.

तिच्या घरातली ती खोली मी पाहिलेली आहे. खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते. लेक-जावई सकाळी आठला कामावर जातात ते संध्याकाळी येतात. इथे निदान ही खुर्ची माझी आहे, पलीकडची हिची.

१० एप्रिल
गळ्याला थंडावा हवा म्हणून काल ओला टॉवेल फ्रीजरमध्ये ठेवला. सकाळी काढला तर फळीसारखा कडक. गळ्यात बसेना. त्याच्याशी झटापट करण्यात पहिली गाडी आठ मिनिटं लेट झाली. माझ्या अख्ख्या नोकरीत असं झालं नव्हतं. फाटकाशी केमिस्टची गाठ पडणार, तो हसणार, या धास्तीनं पळतच गेलो.

फाटकाशी कोणी नाही. मी पोचलो तेव्हा नाही, त्याची पाचला पाच कमीची वेळ झाली तरी नाही. मी सुटलो. नंतर उलगडा झाला: साहेबांना ओशाळवाणं वाटू नये म्हणून तो आडोशाला थांबला असणार. मोठ्या मनाचा माणूस. तोंडावर सांगणार नाही.

टॉवेल अर्ध्या वाटेत वितळला. शर्ट, चड्डी, मोजे, सगळं ओलं. थंडावा मिळाला हे मान्य करावं लागेल.

१३ एप्रिल, रविवार
लेकीनं ग्रुपचा फोटो मागितला. तिला समजावलं, उन्हाळी वेळापत्रकात चौघं एका जागी येऊच शकत नाहीत, तेच तर त्याचं वैशिष्ट्य. तरी ती फोटोच मागत राहिली. उद्या पाठवतो म्हणालो.

१४ एप्रिल
वळणावरच्या दिव्याखाली थांबून रस्त्याचा फोटो काढला आणि लेकीला पाठवला. खाली लिहिलं: ग्रुप मागून येतोय. तिचं उत्तर आलं: बाबा, रस्ता रिकामा आहे.

तिला वाहतुकीतलं काही कळत नाही. आईवर गेली आहे.

२० एप्रिल
दुपारी दूध घेताना डॉक्टरीणबाई भेटल्या. किती दिवसांनी! कसं चाललंय विचारलं. म्हणाल्या, काका, इतकी मजा येतेय ना, आज तर हसून हसून पोट दुखलं. मग एकदम जीभ चावली आणि म्हणाल्या, तुम्ही बरे आहात ना? पाणी पिता ना? चेहरा उतरलाय तुमचा.

एकटीनं धावताना पोट दुखेपर्यंत हसू येणं हे उष्णतेचं लक्षण असू शकतं. बाईंवर लक्ष ठेवायला हवं. तिसऱ्या गाडीला टोपी सक्तीची करावी का?

चेहऱ्याचं म्हणाल तर तो वजन उतरल्यामुळे तसा दिसतो. फिटनेस.

२५ एप्रिल
फोन वाजला. हॅलो म्हणायला गेलो तर आवाजच फुटेना. आठवून पाहिलं, कालपासून कुणाशी बोललोच नव्हतो. परवा वॉचमनशी बोललो होतो, तेही ‘पहिली गाडी’ एवढंच. आवाज वाचतोय. चांगलंच आहे.

फोन कर्ज देणाऱ्या कंपनीचा. मुलीचा आवाज गोड होता. कर्ज नको म्हणालो, पण अंतर ठेवून धावण्याचे फायदे तिला नीट समजावले. बसच्या उदाहरणासकट. तिला आवडलं असावं, कारण मधेमधे हो सर, हो सर म्हणत होती. मग म्हणाली, सर, मला बाकीचे कॉल करायचेत. तिनंच फोन ठेवला.

आजवर या कंपन्यांचे फोन मी ठेवत आलो. उलट झालेलं पहिल्यांदाच पाहिलं.

२९ एप्रिल
आज वेळापत्रकात दुरुस्ती करायला घेतली. रविवार विशेष सेवा: सर्व गाड्या एकत्र, वेळ सकाळी सहा, सोबत कॉफी. छान टाइप केलं. वाचून बरं वाटलं. चार खुर्च्या, मधे टेबल, केमिस्ट पुन्हा त्याच्या सासऱ्याची नक्कल करतोय, लंबूचे पाय टेबलाखालून पार पलीकडे आलेत.

मग फाडून टाकलं. एकदा अपवाद केला की सगळं फिसकटतं. हे मी कितीतरी डेपो मॅनेजरांना तोंडावर सांगितलंय. आता स्वतःवर वेळ आली म्हणून माघार? पावसाळा यायला फार दिवस राहिले नाहीत. तेवढी कळ काढायची.

बाकीच्यांनाही जड जात असणार, पण बोलून दाखवत नाहीत. त्यांच्यासाठी तरी मला घट्ट राहिलं पाहिजे.

४ मे, रविवार
लेक: बाबा, जेवता काय? मी: सगळं. लेक: ग्रुप कसा आहे? मी: एकदम वेळेवर.

मीठ-साखरेच्या पाण्याचं प्रमाण वाढवलं आहे. रात्रीही झळा येतात. भूक कमी झाली ते योग्यच, रिकाम्या पोटी पाय हलके राहतात.

९ मे
आजचं घडलेलं क्रमानं लिहून ठेवतो.

अर्ध्या फेरीत, लांबच्या वळणापाशी डोळ्यांपुढे काजवे चमकले. कसाबसा बाकापर्यंत गेलो आणि बसलो. घाम थांबेना. फोन घरी, कारण मे लागल्यापासून खिशातलं वजन वर्ज्य, हा नियम माझाच.

घाबरायचं कारण नव्हतं. दहा मिनिटांत मागून केमिस्ट येणार. नशीब बघा, नेमका केमिस्ट! त्याच्यापाठोपाठ डॉक्टरीणबाई. दातांच्या असल्या तरी डॉक्टर त्या डॉक्टर. आणि तेवढ्यानं नाहीच भागलं तर शेवटी लंबू, तो मला काखोटीला मारून नेऊ शकतो. या वेळापत्रकाचा हा फायदा माझ्याही लक्षात आला नव्हता. मदत हप्त्याहप्त्यानं येते.

डोळे मिटून पावलांची वाट पाहिली. कोणी आलं नाही. म्हटलं, दुसरी गाडी रद्द झाली असेल, तिसरी येईल. ती आली नाही. चौथी नाही. पक्षी ओरडायला लागले. उजाडलं. पाण्याचा रंग दिसायला लागला. मी तिथेच.

आणि मग आवाज आला. पावलांचा नव्हे, हसण्याचा.

सगळे एकत्र. केमिस्ट, डॉक्टरीणबाई, लंबू, आणि लाल टोपीतल्या एक अनोळखी बाई. अख्खा रस्ता अडवून एका ओळीत. खांद्याला खांदा. केमिस्ट काहीतरी सांगत होता, हातवारे करत, आणि नीट ऐकता यावं म्हणून लंबू चक्क उलटा धावत होता. डॉक्टरीणबाई पोट धरून थांबल्या, परत पळत जाऊन त्यांना मिळाल्या. वेळ साडेसहाची असेल.

मी वाकलो आणि बुटाची लेस बांधायला घेतली. लेस सुटलेली नव्हती.

ते बाकामागून गेले. कुणाचं लक्ष नव्हतं. हाक मारता आली असती. तब्येत बरी नव्हती, तेवढं सांगितलं असतं तर चौघांनी मिळून उचललं असतं मला. पण मी दुसऱ्या बुटाची लेस हातात घेतली.

ते वळणाआड गेले, तरी हसणं बराच वेळ ऐकू येत होतं. मग भिंतीला धरून धरून घरी आलो.

१० मे
सरळ सरळ शिस्तभंग. तिघांच्या नावे कारणे दाखवा नोटीस लिहायला घेतली. एक, निर्धारित वेळ सोडून धावणे. दोन, घोळका करणे. तीन, बोलणे. चार, परवानगीशिवाय नवीन गाडी रस्त्यावर आणणे. पाच

पाचवा मुद्दा लिहिताना हसणे असं लिहिलं आणि तिथेच थांबलो. हसणे हा गुन्हा कुठल्या कलमात बसवायचा?

कालपासून ग्रुपवर ‘सुखरूप पोचली’ कळवलं नाही. संध्याकाळी केमिस्टचा फोन आला, दोनदा. उचलला नाही.

११ मे, रविवार
लेकीला म्हणालो, मजेत आहे. ती म्हणाली, आवाज का असा? म्हणालो, धावून आलोय आत्ताच. दुपारचे दोन वाजले होते.

खुर्चीत बसून विचार केला. लेक घ्यायला आली तर काय नेणार? दोन बॅगा पुरतील. बूट न्यायचे की नाही ते कळेना.

१२ मे
मीठ-साखरेच्या पुड्या संपल्या होत्या म्हणून, आणि केवळ म्हणूनच, केमिस्टच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक नव्हतं. मला पाहून तो काउंटरच्या बाहेर आला. म्हणाला, काका, कुठे होता, फोन का उचलत नाही, आज येणारच होतो मी घरी. खुर्ची दिली. माझा पडलेला चेहरा पाहून ब्लडप्रेशर मोजलं. न विचारता.

मी ठरवून गेलो होतो की काही बोलायचं नाही. आणि एकदम विचारलं, कधीपासून?

त्याला कळलं. जरा वेळ औषधांच्या खोक्यांशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, पहिल्याच दिवसापासून. रोजच्यासारखे सहालाच आलो, खांबावर तुमचा कागद होताच. पहाटे पावणेपाच आम्हाला झेपणार नव्हतं काका. पण तुम्हाला सांगायचं कसं? लंबू म्हणाला, काकांना एकट्याला धावायचं असेल, सरळ सांगायला संकोच वाटत असेल, म्हणून एवढं वेळापत्रक केलं. आम्हाला पटलं ते. दर दहा मिनिटांनी एक, बोलायचं नाही, कॉफी नाही, परस्पर घरी. याचा दुसरा काय अर्थ काढायचा, तुम्हीच सांगा.

मग मी अंगठ्यांचं विचारलं. म्हणाला, तुम्ही पोचलात हे वाचलं की बरं वाटायचं हो. अंधारात एकटे जाता. बेकरीत बसलो की आधी फोन बघायचो, काकांचा मेसेज आला का. आला की मग कॉफी मागवायचो.

मी म्हणालो, मला एकट्याला धावायचं नव्हतं.

एवढंच बोललो, पण माझा आवाज मला फार मोठा वाटला. तो म्हणाला, मग या की, सहाला. एवढंच म्हणाला. पुड्यांचे पैसे घेतले नाहीत.

घरी येऊन खूप वेळ खुर्चीत बसलो. हिच्या खुर्चीशी बोललो थोडं. रडलोही, लिहायला हरकत नाही, वाचणारं कोण आहे.

१३ मे
आज सहाला जायचं ठरवलं होतं. गेलो नाही. कारणं:
अशक्तपणा.
ब्लडप्रेशर.
लगेच गेलं तर बरं दिसत नाही.
पावणेसहाला बूट घालून दाराशी उभा होतो. सव्वासहाला काढले.

१४ मे
गेलो.

खांबावर माझा कागद अजून होता. उन्हानं शाई उडून गेली होती, वेळा वाचता येत नव्हत्या. तिघं आले. या काका, म्हणाले, जसा काही मी कालच भेटलो होतो. मी माफीचं दोन वाक्यांचं भाषण तयार करून नेलं होतं. ते म्हणायची वेळच आली नाही, कारण लंबूनं आधीच कालची गोष्ट पुढे सुरू केली. कुणाच्या तरी मांजराची. मधेच सगळे हसले. मला मांजर कोणाचं ते माहीत नव्हतं, तरी हसलो. दीड महिन्यात बरंच काही होऊन गेलं होतं, आणि ते सगळं यांना एका शब्दावरून कळत होतं.

निघालो. माझे पाय अजून हलके नाहीत. शंभर पावलांत मागे पडलो. ते तिघं पुढे एका ओळीत. केमिस्टनं दोनदा वळून पाहिलं, मी हात केला, जा जा.

त्या लाल टोपीवाल्या बाई आज उशिरा, आमच्या मागून निघाल्या होत्या. त्या माझ्या बरोबरीला आल्या. शाळेत गाणं शिकवतात म्हणे. मग त्यांनी विचारलं, तुम्ही नवीन का?

ओठांवर आलं होतं. ग्रुप कुणी काढला, पहिल्या हिवाळ्यात कोण होतं, लंबूला लंबू हे नाव कोणी दिलं, सगळं. पुढे तिघांच्या पाठी दिसत होत्या. त्यांच्यात चौथ्याची जागा रिकामी राहिली आहे असं कुठून दिसत नव्हतं.

म्हणालो, हो. आजच आलो.

त्या म्हणाल्या, मग पहिले काही दिवस जड जातील. बोलत राहा, म्हणजे दम कळत नाही.

दीड महिन्यात बोलायची सवय मोडली होती. शेवटी म्हणालो, आज फार उकडतंय.

त्या म्हणाल्या, छे हो, आज तर चांगला वारा आहे.

खरंच होता.